फेडीन म्हणणारा चाकर

चि. भाचीस,

येशूने सांगितलेल्या निर्दय चाकराच्या दाखल्यावर तुझा आक्षेप असा, की राजाने एकदा सोडलेले कर्ज पुन्हा त्याच्या माथी मारले; मग ही कृपा कसली, हा तर सौदाच झाला. आक्षेप रास्त आहे. पण आधी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातले आकडे नीट बघ. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही रोजंदारी तीच ठरते. या चाकराचे देणे 10,000 तालांत. योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे हेरोद अंतिपा या शासकाला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाकाठी 200 तालांत मिळत. म्हणजे हे त्या राज्याचे 50 वर्षांचे उत्पन्न झाले. मजुराला ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील. आणि हा माणूस राजाच्या पाया पडून मागतो काय, तर मुदत! ‘सगळे फेडीन’ म्हणतो. क्षमा त्याने मागितलीच नाही. राजाने ती कळवळून, कुठलीही अट न घालता, आपण होऊन दिली.

दाखल्याची मेख मला इथे दिसते. हा चाकर बाहेर पडला तो खातेवही बगलेत मारूनच. सोबतीच्या चाकराकडे त्याचे 100 दिनार येणे होते: तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी, थोडीथोडकी नव्हे, पण फिटण्याजोगी. सोबती पाया पडून जवळजवळ तेच शब्द बोलतो, आणि याच्या तोंडी पोकळ असलेले ते शब्द त्याच्या तोंडी खरे ठरू शकत होते. तरी हा त्याची नरडी धरतो, त्याला तुरुंगात टाकतो. मिळालेली क्षमा याने कधी घेतलीच नव्हती. शेवटी राजाने त्याला त्याच्याच हिशेबाने वागवले. तो निवाडा कठोर आहे, आणि तो सौम्य करून सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

तू विचारशील, मग अन्याय मुकाट्याने सोसायचा का? मुळीच नाही. त्याच अध्यायात, या दाखल्याच्या आधी, अपराध करणाऱ्या भावाला एकांतात गाठून त्याची चूक सांगावी, ऐकले नाही तर साक्षीला एकदोघांना न्यावे, मग मंडळीला कळवावे, असे येशूच सांगतो. आणि दाखल्यात तुरुंगात पडलेल्याची दशा पाहून इतर चाकर फार कष्टी झाले व त्यांनी जाऊन राजाला सगळे सांगितले. त्यांना कुठे दोष दिलेला नाही. तेव्हा कुणी छळत असेल तर वर सांगायला कचरू नकोस. त्याची नरडी मात्र धरू नकोस.

तुझा मामा