रुजुवात : मोबाइलवर शिकणाऱ्या मुलांस अवश्य असा अभ्यास



आपल्या मुलांच्या शिक्षणात अलीकडे मोठा पालट झाला आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलवरील शिक्षण निरुपाय म्हणून घरात आले. पुढे शाळा उघडल्या तरी ते गेले नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. सरकारचे 'दीक्षा' हे शिक्षणाचे साधन २०१७ सालापासून चालू आहे. जी माहिती मिळविण्यासाठी आम्हांस लहानपणी तालुक्यास हेलपाटे घालावे लागत, ती आज मुलास बांधावर बसल्या बसल्या मिळते. ही गोष्ट इष्टच होय. परंतु माहिती हाती येणे निराळे आणि ज्ञान होणे निराळे. या दोहोंमध्ये जो श्रम आहे, तो मुलांस कोणी शिकवीत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी केली आणि आता तो निवृत्त आहे. यंत्रांचे त्याचे ज्ञान बेताचेच. परंतु आयुष्य नकला करण्यात व तपासण्यात गेले असल्यामुळे एक गोष्ट तो खात्रीने सांगू शकतो. कचेरीत कोणत्याही कागदाची नक्कल दिली की तिच्याखाली दोन सह्या होतात : एक नक्कल करणाराची व दुसरी रुजुवात घेणाराची. रुजुवात म्हणजे नक्कल मुळाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा ताडून पाहणे. मोबाइलच्या पडद्यावर जे जे दिसते ती कशाची तरी नक्कलच असते. फरक इतकाच की तिच्याखाली रुजुवातीची सही नसते. ती सही शिकणाराने स्वतः करावयाची असते. या काळात विद्यार्थ्यास जे गुण अवश्य आहेत, त्यांचे मूळ या एका शब्दात आहे.

रुजुवात न घेतल्याने काय होते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले माझेच आहे, व ते सांगताना संकोच वाटतो. सन १९९१ च्या सुमारास मी नोकरीत नवीन होतो. एका शेतकऱ्यास सातबाराची नक्कल द्यावयाची होती. मुळात क्षेत्र १ हेक्टर ३७ आर होते; नकलेत ते १ हेक्टर ७३ आर असे उतरले. रुजुवात माझ्याकडे होती. दुपारची गर्दी होती. मी मूळ न पाहता सही केली. त्या नकलेवरून जमिनीचा सौदा झाला व पैसे दिले गेले. पुढे मोजणी झाली तेव्हा ३६ आर कमी भरले. त्या गृहस्थाने बैलजोडी विकून जास्तीचे पैसे परत केले, आणि भावकीत त्याची लबाड म्हणून निंदा झाली ती निराळीच. त्याने माझ्यापाशी कधी तक्रार केली नाही. परंतु ती सही माझी होती, हे मी विसरलो नाही.

दुसरे उदाहरण गेल्या खरिपातले. माझ्या पुतण्याचा मुलगा अकरावीत शास्त्र शिकतो, हुशार आहे. सोयाबीनमध्ये तण फार माजले, म्हणून त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला व घरच्या अर्ध्या एकरावर तणनाशक फवारले. चौथ्या दिवशी तणाबरोबर सोयाबीनही करपले. मी डबा मागवून त्यावरील चिठ्ठी वाचली. प्रमाण हेक्टरी एक लिटर होते. चिरंजीवांनी ते एकरी धरले होते. तो म्हणाला, "आबा, व्हिडिओत एक लिटरच सांगितले होते." ते खरेच होते. सांगणाराने हेक्टर हा शब्द एकदाच व घाईने उच्चारला होता, आणि डबा घरात असूनही तो कोणी वाचला नव्हता. मी त्यास रागावलो नाही. मी १९९१ साली जे केले, तेच त्याने केले होते.

यावरून मुलांस जे पाठ द्यावयाचे ते येणेप्रमाणे :

पहिला पाठ : संपूर्ण वाचणे. पडद्यावर वाचताना दृष्टी घसरत जाते. मथळा पाहिला की मजकूर वाचल्यासारखे वाटते. मुलास सवय लावावी की कोणताही मजकूर वाचताना तारीख, ठिकाण, परिमाण व शेवटची बारीक अक्षरे ही चार स्थळे सोडू नयेत. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंगही वाचावयाचाच असतो : तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व सर्वांत सौम्य हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलो नसालच. वाचन हे केवळ परीक्षेपुरते नाही.

दुसरा पाठ : नेमका प्रश्न करणे. "सोयाबीन पिवळे पडले, काय करावे" असे विचारल्यास यंत्र शंभर उत्तरे देते, व त्यांपैकी बहुतेक आपल्या शेताची नसतात. म्हणून आधी शेतात जाऊन नीट पाहावे, मग विचारावे. खालची जुनी पाने आधी पिवळी झाली असल्यास नत्राची उणीव संभवते, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्यास देते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असल्यास चुनखडीच्या जमिनीत लोहाची उणीव संभवते, कारण लोह एका पानातून दुसऱ्यात सहसा जात नाही. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असल्यास पांढऱ्या माशीने पसरविलेला केवडा रोग असू शकतो. तिघांचे उपाय तीन तऱ्हेचे आहेत. पिकाचे वय, जमिनीचा प्रकार व कोणते पान, एवढे ज्याने पाहिले त्याचा प्रश्न निम्मा सुटला. चांगला प्रश्न करता येणे ही विद्येचीच पायरी होय.

तिसरा पाठ : मूळ शोधणे. सातबारावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफारांचे क्रमांक होत. नाव कोठून आले, हे त्या क्रमांकाच्या आधारे गाव नमुना सहामध्ये पाहता येते. मुलास सांगावे की मोबाइलवर कोणतीही गोष्ट आढळली तर तिचा 'फेरफार क्रमांक' विचारावा : हे कोणी सांगितले, कधी सांगितले, कोणत्या प्रदेशासाठी सांगितले, व सांगणारा काही विकतो काय? मग तीच गोष्ट दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी ताडून पाहावी. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, तसेच १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक, ही ताडून पाहण्याची ठिकाणे आहेत. एकच मजकूर दहा गटांतून आला म्हणजे दहा साक्षी झाल्या असे होत नाही. ती एकाच कागदाची दहा नकला असणे होय.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारताच शुद्ध मराठीत उत्तर देतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. कठीण धडा सोपा करून घेण्यास ती चांगली. परंतु त्यांची भाषा इतकी सफाईदार असते की चूकही खरी वाटते. सुंदर अक्षर हे खऱ्या आकड्याचे प्रमाण नव्हे, हे कोणताही जुना कारकून सांगेल.

चौथा पाठ : मापे व हिशेब. यंत्र हिशेब करते, परंतु कोणता हिशेब करावयाचा ते आपण सांगावे लागते. एक हेक्टर म्हणजे १०० आर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात सुमारे ४०.४७ आर, म्हणून एक हेक्टर म्हणजे जवळजवळ २ एकर १९ गुंठे. एवढे मुलास तोंडपाठ असावे. आता वरील तणनाशक घ्या. हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी सुमारे ४०० मिलिलिटर. एकरास २०० लिटर पाणी धरल्यास लिटरामागे २ मिलिलिटर, आणि १५ लिटरांच्या पंपास ३० मिलिलिटर. चिरंजीवांनी पंपास ७५ मिलिलिटर घातले, म्हणजे अडीच पट. कागदावर ही पाच ओळींची बेरीज-वजाबाकीही नव्हे. परंतु ती न मांडल्यामुळे अर्धा एकर गेले.

पाचवा पाठ : टिपण व चित्ताची स्थिरता. जे पाहिले ते वहीत स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहावे, व दुसऱ्या दिवशी न पाहता सांगून पाहावे. जे सांगता येत नाही ते शिकलेले नाही, असे समजावे. अभ्यासाच्या वेळी संदेशांचा घंटानाद बंद ठेवावा. नांगरताना दर दोन हातांवर बैल थांबविला तर तास सरळ निघत नाही, तद्वतच हे होय.

यांबरोबर एक सावधगिरी. किसान योजनेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या नावाने मोबाइलवर फाइली येतात. त्या उघडताच बँकेतील पैसे चोरीस जाण्याचे प्रकार घडतात. अनोळखी फाइल उघडू नये, ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. हीही एक प्रकारची रुजुवातच आहे.

आता पालकांनी काय करावे? मोबाइल हिसकावून घेऊ नये, व केवळ हाती देऊन मोकळेही होऊ नये. एका रविवारी पुढील प्रयोग घरी करावा. आपला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मुलाकडून काढवावा; त्याचे शुल्क १५ रुपये आहे. तो जुन्या हस्तलिखित उताऱ्याशेजारी ठेवून मुलास मोठ्याने वाचावयास सांगावे : गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदारांची नावे, इतर हक्क, व पिकांची नोंद. २०२१ सालच्या खरिपापासून ई-पीक पाहणीत पीक आपणच नोंदवू शकतो. ती नोंद शेतात उभ्या असलेल्या पिकाशी जुळते काय, तेही पाहावे. क्षेत्राचे आर व गुंठे मुलाने वहीवर काढावे. कोठे फरक आढळल्यास त्याचा फेरफार शोधावा. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अशा एका बैठकीत मूल वाचन, प्रश्न, मूळ, हिशेब व टिपण हे पाचही पाठ शिकेल, आणि घरची जमीनही त्यास कळेल.

आमच्या चिरंजीवांनी हा प्रयोग केला. त्याने वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले आहेत : एकात 'कोठे पाहिले', दुसऱ्यात 'कशाशी ताडले'. दुसरा रकाना रिकामा असेल तोवर तो औषधाचा डबा उघडीत नाही. अर्धा एकर सोयाबीन गेले त्याची ही किंमत वसूल झाली असे मी समजतो. ज्या गृहस्थाची बैलजोडी माझ्या सहीने गेली, त्याची भरपाई मात्र मला करता आली नाही. वाचकांनी आपल्या मुलांस हा धडा नुकसानीवाचून द्यावा, एवढीच विनंती करून लेख पुरा करितो.