नातवंडांसोबत पावनखिंड

प्रश्न : सुट्टीत नातवंडांबरोबर छोटे सैनिक मांडून एखाद्या लढाईचा देखावा करायचा आहे. कोणती लढाई निवडावी आणि सुरुवात कशी करावी?

उत्तर : जुलै 1660मधली पावनखिंडीची लढाई त्यासाठी उत्तम. बाजीप्रभू देशपांडे यांनी चिंचोळ्या वाटेवर शत्रूला रोखून धरलं आणि पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले. जागा अरुंद असल्यामुळे थोड्या सैनिकांतही प्रसंग उभा राहतो.

आधी प्रमाण ठरवावं. 1:72 प्रमाणात माणूस साधारण 24 मिलिमीटर उंच होतो आणि 60 सेंटिमीटरच्या फळीवर जेमतेम 43 मीटर जमीन मावते. म्हणूनच पन्हाळा ते विशाळगड अख्खी वाट दाखवण्याचा मोह टाळावा. फक्त खिंड करावी. हा हिशेब नातवंडांनाच करू द्यावा.

कडे थर्माकोलचे, त्यावर कागदाच्या लगद्याचा लेप. लाकडी भुसा हिरवा रंगवला की गवत तयार. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे जमीन गडद आणि चिखलाळ हवी. वाळलेलं पिवळं गवत तिथे चूक ठरेल. पाण्याच्या ओहोळासाठी चकचकीत वॉर्निश पुरतं.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळेही चालतात. मोठे पुढे, लहान मागे ठेवले की खोली भासते.

कटर आजी-आजोबांच्याच हाती राहावा. रंग ॲक्रिलिक, पाण्यात मिसळणारे घ्यावेत.

लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये विल्यम सायबोर्न यांनी 1838मध्ये पूर्ण केलेली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती आहे. त्यासाठी ते रणभूमीजवळ राहून मोजमापं घेत होते. त्याचप्रमाणे शक्य असेल तर नातवंडांना आधी पावनखिंड दाखवून आणावी, मगच फळी हाती घ्यावी.