मातेच्या उदरात बालकाची घडण



मंडळीत बालक जन्मास आले म्हणजे आपण उपकारस्तुती करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते बालक जगात येण्यापूर्वी नऊ महिने कसे वाढले, ह्याविषयी आपणांपैकी पुष्कळांस फारच थोडे ठाऊक असते. ह्या अज्ञानापायी कित्येक सुनांना निष्कारण बोल सोसावे लागतात व कित्येक गर्भवती अर्धपोटी राहतात. १३९ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता मातेच्या उदरातील आपल्या घडणीबद्दल देवाचे आभार मानतो. ज्या कृतीबद्दल आभार मानावयाचे, ती समजून घेण्यात लाज कसली? यास्तव पतिपत्नींनी हा पाठ एकत्र बसून वाचावा.

१. आरंभ. स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोहों बाजूंस एकेक अंडाशय असते. सामान्यतः दर महिन्यास एक स्त्रीबीज तेथून निघून गर्भनलिकेत येते. त्याचा व्यास मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही ते लहान असते. पुरुषबीज तर सूक्ष्मदर्शकावाचून दिसतच नाही. पतिपत्नींच्या समागमानंतर ह्या दोन बीजांचा त्या नलिकेत संयोग झाला म्हणजे गर्भ राहतो. मग तो विभागत विभागत सुमारे आठवड्याभरात गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो.

पुरुष हा बी व स्त्री हे शेत, असे आपल्याकडे म्हणतात. युरोपातही सतराव्या शतकात कित्येक विद्वानांस वाटे की, पुरुषबीजात इवलेसे मनुष्य तयारच असते. परंतु १८२७ साली कार्ल फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम दाखवून दिले. तेव्हा माता केवळ शेत नव्हे. तीही बीज देते. बालकाच्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ मातेची व २३ पित्याची असतात.

२. मुलगा की मुलगी? मातेच्या बीजात ह्या बाबतीत एकाच प्रकारचे गुणसूत्र असते, त्यास एक्स म्हणतात. पित्याच्या कित्येक बीजांत एक्स व कित्येकांत वाय असते. एक्स मिळाले तर मुलगी, वाय मिळाले तर मुलगा. कीटकांवर अभ्यास करून नेटी स्टीव्हन्स ह्या विदुषीने १९०५ साली ही गोष्ट उघड केली. आता न्याय पाहा! बीजातील मातेचा निम्मा वाटा लोक नाकारतात, आणि जी एक गोष्ट तिच्या बीजाने ठरतच नाही तिचा दोष मात्र तिच्या माथी मारतात. दोष पित्याचाही नाही, कारण कोणते बीज पुढे जाईल हे त्याच्या हाती नाही. मुळात कन्येचा जन्म हा दोषच नव्हे. गर्भाचे लिंग विचारणे व सांगणे ह्यांस महाराष्ट्रात १९८८ साली व केंद्र सरकारने १९९४ साली कायद्याने मनाई केली. परंतु ख्रिस्ती मनुष्यास ह्या कामी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

३. वाढ. संयोगापासून मोजता तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हृदय धडधडू लागते. चौथ्या आठवड्यात मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून होतात ती मिटते. आठव्या आठवड्याच्या शेवटी गर्भ सुमारे ३ सेंटिमीटर लांब असतो, तरी सर्व मुख्य अवयवांचा पाया घातलेला असतो. चौथ्यापाचव्या महिन्यात मातेस हालचाल जाणवते. लूकच्या पहिल्या अध्यायात अलीशिबेच्या बालकाने उसळी घेतली तेव्हा तिला सहावा महिना होता, हे वाचकांस आठवेल. पुढे बालकास ध्वनी ऐकू येऊ लागतात, आणि अखेरच्या आठवड्यांत फुप्फुसे श्वासोच्छ्वासास सिद्ध होतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे २८० दिवसांनी प्रसूती होते.

४. वार व नाळ. मातेचे रक्त बालकाच्या अंगात थेट वाहत नाही. वारेमध्ये दोघांचे रक्त पातळ पडद्याच्या दोन बाजूंस असते; त्यातून अन्न व प्राणवायू बालकाकडे जातात आणि निरुपयोगी पदार्थ परत येतात. नाळ ही ह्या व्यवहाराची वाट होय. तंबाखू, मिश्री व दारू ह्यांचे विषही ह्याच वाटेने जाते, हे विसरू नये.

५. आपले कर्तव्य. गर्भवतीने कमी जेवले म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, हा समज घातक आहे. अशाने बालक दुबळे होते व मातेचे रक्त आटते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने पीडित आढळल्या. यास्तव घरात सर्वांच्या मागून उरलेसुरले तिने खावे ही रीत मोडावी. डाळी, पालेभाज्या, दूध व अंडी तिला आधी मिळावीत. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी उपकेंद्रात विनामूल्य मिळतात. मज्जारज्जूची नलिका चौथ्या आठवड्यातच मिटत असल्याने फॉलिक आम्ल गर्भ राहण्यापूर्वीपासून घेणे उत्तम. ग्रहणात भाजी चिरल्याने बालकाचा ओठ फाटतो हा निव्वळ भ्रम होय. ग्रहण म्हणजे सावली, आणि सावली उदरात शिरत नाही. मात्र रक्तस्राव, तोंडावर सूज, तीव्र डोकेदुखी, आकडी, किंवा बालकाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काही दिसल्यास घटकाभरही न थांबता दवाखाना गाठावा.

बंधूंनो, सासूबाईंनो, देव आपले काम गुप्त स्थळी करीत असता त्या स्थळाची राखण त्याने आपल्या हाती दिली आहे. गर्भवतीच्या ताटात भाकर वाढणे, तिच्या डोक्यावरील हंडा उतरवून घेणे, हीही सेवाच होय.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न:
(१) माता केवळ शेत नव्हे, हे कशावरून?
(२) कन्या झाल्याबद्दल मातेस बोल लावणे अन्यायाचे का?
(३) वारेचे कार्य कोणते?
(४) आपल्या मंडळीत आज कोण गर्भवती आहे, आणि तिच्यासाठी आपण ह्या आठवड्यात काय करणार?