मनाचा आजार : उपचार गावापर्यंत कसा पोचेल?



उसाला हुमणी लागली, तर सभासद दुसऱ्याच दिवशी उपटलेले बेट हातात घेऊन गट ऑफिसात येतात. पाने पिवळी पडली, तर आधी शेजाऱ्याला विचारतात, मग आम्हाला विचारतात. त्यात लाज कोणालाच वाटत नाही. पण घरातला कर्ता माणूस महिनाभर रात्र रात्र जागा आहे, भरल्या ताटावरून उठतो, खोडव्याच्या बांधावर जाऊन नुसता बसतो, ही गोष्ट मात्र उंबऱ्याबाहेर येत नाही. शेतकी खात्याच्या माणसाला ती वेगळ्याच तऱ्हेने समजते. पाचट तसेच पडलेले असते, बगला फोडलेल्या नसतात, उधारीचे खत न्यायला कोणी आलेले नसते. आमचे चीटबॉय हे पाहतात आणि ‘सभासद दुर्लक्ष करतो’ एवढेच वहीत लिहितात.

पीक सोडून माणसाविषयी या पानावर काय लिहायचे, असे काहीजण म्हणतील. आमचे शिक्षण शेतीचे आहे. आजारावर औषध सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि आम्ही ते सांगणारही नाही. परंतु हा उपचार खेड्यात कसा पोचवावा यावर आपल्याच भागात चांगले प्रयोग झालेले आहेत, आणि प्रयोग वाचून सभासदांना समजावून सांगणे हे तर आमचे रोजचेच काम आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. मनाचा आजार म्हणजे कपडे फाडून रस्त्याने हिंडणे, अशी आपली समजूत आहे. तसले आजार थोडे. जास्त आढळतो तो नैराश्याचा आजार, आणि तो आपल्याकडे अंगदुखीचे रूप घेऊन येतो. डोके जड, हातपाय गळाल्यासारखे, छातीत धडधड, भूक नाही. बायामाणसे तर ‘अशक्तपणा आलाय’ एवढेच सांगतात. मग सलाईनची बाटली लावायची, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. त्यानंतर देवऋषी, उतारा, बाहेरचे काहीतरी. यात वर्ष निघून जाते. डॉक्टर लोक सुरुवातीला दोनच गोष्टी विचारतात : गेल्या दोन आठवड्यांत बऱ्याच दिवशी मन उदास, निराश होते काय? आणि ज्या कामात पूर्वी गोडी होती ती वाटेनाशी झाली काय? यांतल्या एकाचेही उत्तर ‘होय’ आले म्हणजे आजार ठरला असे नव्हे, पण पुढे तपासणी करून घ्यावी हे ठरले.

ही तपासणी करायची कोठे? ‘याला येरवड्याला पाठवा’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात वर्षानुवर्षे आहेत, आणि खेड्यातल्या माणसाच्या मनात या आजाराचा उपचार म्हणजे तीच उंच भिंत. वास्तविक सरकारचे धोरण कधीच बदलले आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी यांनाच शिकवून तयार केले व औषधे तेथेच ठेवली. त्यावरूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात लागू होत गेला. आज जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात या आजाराचे डॉक्टर मिळतात, हे बहुतेक सभासदांना ठाऊकच नाही.

एवढे असूनही २०१५-१६ साली निम्हान्सने बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात असे दिसले. म्हणजे दवाखाना आहे, गोळी आहे, पण मधला माणूस नाही. सुधारित बेणे संशोधन केंद्रावर तयार झाले तरी ते शेतात पोचवायला माणूस लागतो. हा मधला माणूस कोण असावा, यावरच सारे अडलेले आहे.

विदर्भात याचे एक उत्तर शोधले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. कर्ज आणि आत्महत्या या दोन्हींनी पोळलेला हा कापसाचा मुलूख. तेथे गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले. त्यांनी वस्तीवर बैठका घ्यायच्या, घरोघर जायचे, ऐकून घ्यायचे. पुढची गरज असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे न्यायचे. आणि आजार जड असेल तरच मनोविकारतज्ज्ञाकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांत जेमतेम चारजण उपचारासाठी कोठे गेलेले होते, ४.३ टक्के. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या मासिकात छापून आले. आम्ही प्रयोगाच्या प्लॉटवर वाढलेले, म्हणून एक शेरा मारतो : शेजारी तुलनेचा प्लॉट नव्हता. त्यामुळे सगळी वाढ त्याच खताची, असे छातीठोक म्हणता येत नाही.

तुलनेचा प्लॉट होता तो गोव्यात. ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. हे सगळे मध्यम ते तीव्र नैराश्याचे रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला केंद्राची नेहमीचीच, पण जरा सुधारलेली सेवा. दुसऱ्या भागाला त्याशिवाय एक समुपदेशक. हा समुपदेशक डॉक्टर नव्हे, गोव्यातलाच सामान्य शिकलेला माणूस, या कामापुरता शिकवलेला. त्याने आठवड्यातून एकदा, अर्धापाऊण तास, अशा सहा ते आठ भेटी घ्यायच्या. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते, दुसऱ्या भागात ३९ टक्के.

या भेटींत चालते काय, ते समजून घेण्यासारखे आहे. नैराश्यात माणूस एकेक काम टाळतो. आधी बाजार टाळतो, मग पारावर बसणे, मग रान. टाळल्याने घटकाभर हलके वाटते, पण काम साठते, लोक दुरावतात आणि मन आणखी खाली जाते. समुपदेशक उपदेश करत नाही. ‘अण्णा, मन खंबीर करा’ असे आपण सगळे सांगतो, त्याचा उपयोग शून्य. ते करता आले असते तर अण्णांनी केव्हाच केले असते. समुपदेशक त्यांच्याबरोबर बसून आठवड्याचे एकच लहान काम ठरवतो. सकाळी गोठ्यापर्यंत जायचे आणि वैरण टाकायची, बास. पुढच्या भेटीला झाले का, नाही झाले तर कशाने अडले, ते बघायचे. मग त्यात एक भर घालायची. आणखी एक गोष्ट आम्हाला फार पटली. हे समुपदेशक आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. शिकवून सोडून दिले आणि संपले, असे तेथे नव्हते. आपल्या खात्याने ही गोष्ट ऊसविकासातही घेण्यासारखी आहे!

आमचे म्हणणे असे आहे, की साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात हा मधला माणूस आयता उपलब्ध आहे. चीटबॉय, गट ऑफिसचा कारकून, सोसायटीचे सचिव, गावातल्या आशाताई. यांना कोणी बोलावले नाही तरी हे दारात जातात, आणि दारात गेले म्हणून शेजारी कुजबुजत नाहीत. त्यांना डॉक्टर करायचे नाही. ओळखणे, ऐकून घेणे आणि बरोबर जाणे, एवढेच शिकवायचे. ऐकलेले गट ऑफिसात बोलायचे नाही, हा पहिला नियम. कारण एकदा फुटले की सारा कारभार संपला. सिव्हिल हॉस्पिटलच्या पथकाने महिन्यातून एक दिवस कार्यक्षेत्रात बसावे, आणि त्यासाठी जागा व गाडी कारखान्याने द्यावी, असा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे यावा, असे आम्हाला वाटते.

अर्थात बिल थकवायचे आणि समुपदेशक पाठवायचा, असे केले तर सभासद हसतील, आणि ते बरोबरच आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे आहेत. उशिरा आलेल्या पैशाने आणि चढलेल्या व्याजाने झोप उडते, तेथे गोळी हा अर्धाच इलाज.

गोळीबद्दलही सांगतो. एका गटातल्या सभासदाला आमच्या चीटबॉयने त्याच्या घरच्यांसह तपासणीला नेले. आठ दिवसांनी त्याने गोळ्या बंद केल्या. म्हणे, काही फरक नाही आणि सवय लागेल. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टर ती साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात. त्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण मनाने एकदम बंद करू नयेत. त्याच्या घरातल्या वहिनींनी हे सगळे डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतले आणि गोळ्या स्वतःच्या हाताने देऊ लागल्या. यंदा त्याने वेळेवर भरणी केली.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. कीटकनाशके आणि तणनाशके घरात ठेवू नयेत. मनाच्या वाईट घटका पुष्कळदा थोड्या वेळाच्या असतात. त्या वेळी विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ व १९९८ मध्ये अतिविषारी औषधांवर बंदी आली आणि २००५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, तरी शेतीचे उत्पन्न घटले नाही. त्याच देशात घरोघर कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिले, त्याचा मात्र उपयोग दिसला नाही. म्हणून आमचा सल्ला : फवारणीपुरतेच आणावे, उरेल असे आणू नये.

कोणी असा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने लपवून वेळ दवडू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचा असतो. डॉक्टरला औषधाचे नाव खरे सांगावे, डबा बरोबर न्यावा. कोणाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर त्याला एकटे सोडू नये. सरकारचा टेली-मानस दूरध्वनी १४४१६ रात्रंदिवस विनामूल्य आहे, त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक सर्व गट ऑफिसांच्या फळ्यावर लिहावयाचा आहे.

राहिली तोडणी मजुरांची टोळी. गावाकडे सुरू केलेले औषध इकडे कोपीवर आल्यावर संपते, आणि कोणत्या दवाखान्यात जायचे हे त्यांना माहीत नसते. टोळी उतरेल त्या दिवशी मुकादमाकडून नव्हे, तर त्या त्या माणसाकडून, जमल्यास बाईकडून बाईने, चालू औषधांचा कागद पाहून घ्यावा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव त्याच कागदामागे लिहून द्यावे. ज्या सभासदांच्या फडात टोळी पहिल्यांदा जाईल, त्यांनी याकामी चीटबॉयला मदत करावी, ही विनंती.