यजमान कोण, पाहुणा कोण?

मुलांनो, घरी पाहुणे आले की किती धावपळ होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आई स्वयंपाकघरात, वडील बाजारात आणि तुमचे पुस्तक बंद! घरी हे चालून जाते, कारण काम वाटून घ्यायला चार माणसे असतात. पण समजा, तुम्ही परदेशात एकटे शिकत आहात. खोली लहान आहे, पैसे मोजके आहेत, परीक्षा तोंडावर आली आहे. अशा वेळी मित्र दारात उभे राहिले, तर तुम्ही काय कराल? माझ्या धाकट्या भावावर असाच प्रसंग आला होता. तो मी तुम्हांला सांगतो.

इटलीच्या उत्तर भागात बोलोन्या नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ इ. स. १०८८ मध्ये सुरू झाले असे मानतात. ते यूरोपातील सर्वांत जुने विद्यापीठ समजले जाते. माझा भाऊ तेथे शेतीशास्त्र शिकत होता. तेथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापक समोर बसवून प्रश्न विचारतात आणि ३० पैकी गुण देतात. पास होण्यासाठी १८ गुण लागतात.

फेब्रुवारी महिना होता. जर्मनीत शिकणाऱ्या दोन मित्रांचा फोन आला, "आम्ही गुरुवारी येतो. सहा दिवस तुझ्याकडेच राहू." पुढच्या मंगळवारी भावाची परीक्षा होती. पण पाहुण्यांना नाही कसे म्हणायचे? परीक्षेचे नावही न काढता तो म्हणाला, "या, जरूर या!"

मग त्याने तयारी सुरू केली. आधी घरमालकाची परवानगी घेतली. यूरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरी ठेवले, तर ४८ तासांच्या आत तशी लेखी सूचना पोलिसांना द्यावी लागते. तो कागदही त्याने भरून ठेवला. स्टेशनच्या मागच्या भागात परदेशी लोकांची दुकाने आहेत. तेथून तांदूळ, मसूर आणि मसाले आणले.

मित्र आले. पहिल्या रात्री खिचडी खाताना गप्पा रंगल्या. शुक्रवारी भावाने त्यांना शहर दाखवले. बोलोन्यातील फुटपाथांवर कमानींचे छत आहे. जुन्या शहरातच अशा कमानी सुमारे ३८ किलोमीटर लांब पसरल्या आहेत. पाऊस असो की ऊन, माणूस छत्रीशिवाय फिरू शकतो. २०२१ साली युनेस्कोने या कमानींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शनिवारी तिघे फ्लॉरेन्सला निघाले. जलद गाडीचे तिकीट महाग, म्हणून त्यांनी साध्या गाडीची कागदी तिकिटे घेतली. अशा तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. भावाने सवयीने आपल्या तिकिटावर शिक्का मारला. पण मित्रांना सांगायचे राहून गेले. त्याचे मन परीक्षेत अडकले होते! गाडीत तपासनीस आला आणि दोघांनाही दंड झाला. भाऊ शरमिंदा झाला. दंडाचे पैसे तो देऊ लागला. पण मित्रांनी ते घेतले नाहीत.

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा घुमट पाहून ते दंडाचे दुःख विसरले. ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट उभारला. जमिनीपासून लाकडी आधार न देता एवढा प्रचंड घुमट बांधणे ही मोठीच करामत होती.

रविवारी ते व्हेनिसला गेले. हे शहर शंभराहून अधिक लहान लहान बेटांवर वसले आहे. तेथे चारशेहून अधिक पूल आहेत. जुन्या शहरात मोटार नाही की रिक्षा नाही. जायचे ते पायी, नाहीतर होडीने.

रात्री सगळे थकून झोपले. एक वाजता एक मित्र पाणी प्यायला उठला. पाहतो तर काय, माझा भाऊ स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसलेला! डोळे लाल झाले होते.

"हे काय? इतक्या रात्री अभ्यास?" मित्राने विचारले.

"मंगळवारी परीक्षा आहे," भाऊ हळूच म्हणाला.

"अरे, मग आधी सांगायचे नाही का?"

"तुम्ही पाहुणे. कसे सांगणार?"

मित्र त्याच्याजवळ बसला. म्हणाला, "आम्ही पाहुणे आहोत, परके नाही. तू नापास झालास, तर ही सहल आम्हांला कधी गोड लागेल का?"

सोमवारी दोघे मित्र एकटेच राव्हेन्नाला गेले. कोणती गाडी, कोठे उतरायचे, काय पाहायचे, हे भावाने कागदावर लिहून दिले. 'तिकिटावर शिक्का मारा' ही ओळ सर्वांत वर होती! रंगीत तुकड्यांनी सजवलेल्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंती पाहून मित्र खूश झाले. भावाने दिवसभर शांतपणे अभ्यास केला.

मंगळवारी त्याला ३० पैकी २४ गुण मिळाले. खोलीवर परतला, तेव्हा मित्रांनी डाळ-भात रांधून, ताटे मांडून ठेवली होती. यजमान पाहुणा झाला होता आणि पाहुणे यजमान!

मुलांनो, इटालियन भाषेत 'ओस्पिते' हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही होतो. किती छान! पाहुण्याचा मान राखावाच. पण आपली अडचण त्याच्यापासून लपवू नये. खरे सांगितले, म्हणून पाहुणचार कमी होत नाही.

शब्दार्थ
यजमान – मेजबान
पाहुणचार – मेहमाननवाजी
कमान – मेहराब
घुमट – गुंबद
तोंडावर येणे – अगदी जवळ येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बोलोन्याचे विद्यापीठ केव्हा सुरू झाले असे मानतात?
(आ) मित्रांना दंड का झाला?
२. लेखकाच्या भावाने परीक्षेची गोष्ट का लपवली? ते योग्य होते का? तुमचे मत पाच ओळींत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : शरमिंदा होणे, राहून जाणे.
४. तुमच्या गावी येणाऱ्या मित्रासाठी सूचनांचा कागद मराठीत तयार करा.