चार चाकें ओढणाऱ्या गाडीच्या पुढील आसास लॉक बसवावा काय?

चेंबूर येथें राहणाऱ्या आमच्या एका सभासद बंधूंनीं गेल्या पावसाळ्यानंतर आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला. त्यांची जमीन कर्जत तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं आहे. चेंबूर हें एके काळीं तुर्भे बेटाच्या कडेचें खेडें होतें. आज तेथें राहणाऱ्याची शेती बहुधा अशीच खाडीपलीकडे असते. मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल, चौक असा सारा रस्ता डांबरी आहे. अडचण शेवटच्या दीड मैलाची. तेथें एक ओढा उतरून चढावा लागतो व पुढें तांबड्या चिकण मातीची चढण लागते. शेणखत, कलमें व बांबू यांची ने-आण करण्यासाठीं त्यांनीं चारही चाकांना जोर देणारी एक जुनी उघड्या हौद्याची गाडी घेतली आहे. ती एका पावसाळ्यांत तीन वेळां रुतली. एका कारागिरानें त्यांस सल्ला दिला कीं, पुढील आसांत डिफरन्शियलचा लॉक बसवा, म्हणजे गाडी कोठेंही अडणार नाहीं. खर्च बराच होता. तो करावा कीं न करावा, एवढाच त्यांचा प्रश्न. असे प्रश्न इतरही सभासदांस पडत असावेत असें वाटल्यावरून आम्ही त्यांच्यासह ती वाट स्वतः पाहून आलों आणि विचाराअंतीं जें ठरलें तें येथें देत आहों.

प्रथम लॉक म्हणजे काय तें पाहूं. बैलगाडीचीं दोन चाकें आसावर सुटीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरलें तरी कोणाचें अडत नाहीं. मोटारीस मात्र चाकांनाच जोर द्यावयाचा असतो, म्हणून दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शियल नामक दांत्यांची जोडणी घालतात. ती वळणावर प्रत्येक चाकास वेगळ्या गतीनें फिरूं देते. पण जोर मात्र दोघांसही सारखाच वांटते, आणि सारी अडचण येथेंच आहे. जुवाचा मध्य ढिला बांधला असतां एक बैल ओढण्याचें सोडून उभा राहिला तर जूं तिरकें फिरतें आणि दुसऱ्या बैलाचें बळ फुकट जातें. दुबळा जेवढें ओढील तेवढेंच बळकटास ओढतां येतें. डिफरन्शियलचें नेमकें असेंच आहे. एक चाक चिखलांत घसरूं लागलें कीं त्याला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्या मुरुमावरील चाकास मिळतो.

आंकड्यांत मांडूं. समजा, पुढील दोन्ही चाकांवर प्रत्येकीं ५०० किलो भार आहे. मुरुमावरील चाकाची पकड भाराच्या सहा दशांश, म्हणजे ३०० किलो ओढण्याइतकी; चिखलांतील चाकाची एक दशांश, म्हणजे ५० किलो. डिफरन्शियल मोकळें असतां पुढील आसाची एकंदर ओढ ५० अधिक ५०, अवघी १००. लॉक लावून दोन्ही चाकें एकत्र बांधलीं तर ५० अधिक ३००, म्हणजे ३५०. साडेतीन पट! कारागिराचा सल्ला अगदींच निराधार नव्हता, हें यावरून दिसेल. पण दोन्ही चाकें चिखलांत असतील तर? मोकळ्यास १०० आणि लॉक लावल्यासही १००च. जेथें पकड मुळांतच नाहीं तेथें लॉक ती निर्माण करीत नाहीं. ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाहीं.

ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस हा लॉक नवा नाहीं. मागील आसाच्या लॉकची पायानें दाबावयाची पट्टी त्यांच्या परिचयाची आहे, आणि ती दाबलेली असतां ट्रॅक्टर वळवूं नये हेंही ते जाणतात. गाडीच्या मागील आसांतील लॉक हा त्याचाच भाऊ. पुढील आसाची गोष्ट वेगळी आहे, कारण तीं चाकें ओढण्याबरोबर वळतातही.

आमच्या प्रांतांत या गाड्यांचा परिचय जुना आहे. विलीज कंपनीच्या जीप गाडीची जुळणी मुंबईंत कित्येक दशकांपूर्वीं सुरू झाली, आणि त्या जीपच्या वंशांतील गाड्या आजही शेतावर दिसतात. महिंद्र कंपनीनें २०२० सालीं काढलेल्या नव्या थार गाडीच्या कांहीं प्रकारांत मागील आसास यांत्रिक लॉक दिलेला आहे. पुढील आसास तसा लॉक नाहीं, तर घसरणाऱ्या चाकास आपोआप ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळविण्याची विजेची योजना आहे. उलट पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीस पुढें व मागें असे दोन्ही लॉक कारखान्यांतूनच येतात. तेव्हां "गुरख्यास चालतो, मग माझ्या गाडीस कां नको?" हा प्रश्न आमच्या सभासदांनीं केला तो रास्तच होता. उत्तर असें कीं, कारखान्यानें लॉक बसवितांना त्याच्या जोराचा हिशेब शाफ्ट, सांधे व गिअर यांच्या जाडीशीं घातलेला असतो. जुन्या गाडीच्या पोटांत मागाहून लॉक घातला तर तो हिशेब घालण्याचें काम मालकाच्या अंगावर पडतें.

तो हिशेब असा. डिफरन्शियल मोकळें असतां एका शाफ्टवर आसाच्या निम्म्याहून अधिक जोर सहसा येत नाहीं. लॉक लावला आणि एक चाक अधांतरीं राहिलें कीं सारा जोर दुसऱ्या एकाच शाफ्टवर येतो. त्यांत हलका गिअर टाकलेला असला तर तो जोर आणखी कित्येक पट. मागील शाफ्ट सरळ आणि जाड असतो. पुढील शाफ्टच्या टोकाशीं चाक वळविण्यासाठीं सांधा असतो, आणि सुकाणू जितकें अधिक वळवावें तितका तो सांधा दुबळा होतो. चढणीच्या मध्यावर, चाक वळलेलें असतां हा सांधा मोडला म्हणजे गाडी तेथेंच राहते. आणि मागें घसरूं लागली तर पाठीमागें चालणाऱ्या गड्याच्या जिवाशीं प्रसंग येतो.

सुकाणूचेंही तसेंच. मध्यम आकाराची गाडी पूर्ण वळवून एक फेरा घातला तर पुढील बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां सुमारें ८ मीटर अधिक जावें लागतें. लॉक लावला असतां हें अंतर कोणत्या तरी चाकाला घसरूनच पुरें करावें लागतें. चिखलांत तें घसरतें. पण गाडी वळण्याऐवजीं सरळ जाऊं पाहते. आणि सर्वांत वाईट जागा म्हणजे आडवा उतार. लॉक नसतां एक चाक फिरत राहिलें तरी दुसरें जमिनीस धरून असतें व गाडीचें तोंड खालीं जाऊं देत नाहीं. लॉक असतां दोन्हीं एकदम सुटतात आणि गाडीचें तोंड उताराकडे वाहतें. ज्यांची वाट डोंगराच्या कुशींतून, एका बाजूस दरी ठेवून जाते, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

आतां मागचा लॉक आधीं कीं पुढचा? सामान्य मत मागचा आधीं असें आहे, कारण चढणीवर भार मागें सरकतो. आम्हीही तेंच मानीत होतों. पण हौद्याची गाडी रिकामी असतां हें मत तपासून पाहिलें पाहिजे. १८०० किलोची अशी गाडी सपाटीवर पुढें १०५० व मागें ७५० किलो भार टाकीत असेल, चाकांतील अंतर ३ मीटर व भारमध्य जमिनीपासून पाऊण मीटर असेल, तर पांचास एक अशा चढणीवर मागें सरकणारा भार अवघा ९० किलोच्या आसपास येतो. म्हणजे चढणीवरही पुढचीच बाजू जड राहते. आमच्या सभासदांची गाडी तीनपैकीं दोन वेळां रिकामीच रुतली होती, हें येथें ध्यानांत घ्यावें. कारागिरानें पुढचा लॉक सुचविला त्यांत म्हणूनच थोडें तथ्य होतें, त्याला कारण सांगतां आलें नसलें तरी. मात्र यावर दुसरा उपाय फार स्वस्त आहे: मागील आसाच्या वर हौद्यांत वाळूचीं पोतीं घालून दोनशें किलो भार बांधून टाकावा. पोतीं दोरानें आवळलेलीं असावींत. सुटीं पोतीं ओढ्यांत एका बाजूस घरंगळतात.

त्या वाटेवर आम्हीं केलेली परीक्षा कोणासही करतां येईल. एका माणसानें गाडीपासून दूर, वरच्या अंगास उभें राहून कोणतें चाक फिरतें तें पाहावयाचें. चालकास तें आंतून कळत नाहीं. ओढ्याच्या काठावर पुढचें एक चाक व मागचें त्याच्या तिरक्या बाजूचें एक चाक फिरत होतें, बाकीचीं दोन स्वस्थ होतीं. अशा वेळीं एकट्या मागील लॉकनें काम होतें. पुढच्याची गरज नसते. चिकण मातीच्या चढणीवर मात्र चारही चाकें फिरत होतीं. तेथें दोन्ही लॉक असते तरी गाडी हलली नसती. मागचीं दोन्हीं चाकें लॉक लावून फिरत आहेत, पुढचें एक फिरत आहे आणि एक कठीण जमिनीवर स्वस्थ आहे, असें वारंवार दिसेल तेव्हांच पुढचा लॉक आपली किंमत वसूल करतो. दगडांच्या पायऱ्यांवरून जाणाऱ्या वाटेवर असें होतें; भातखाचरांच्या वाटेवर क्वचित्. आणि गाडीचें पोटच जमिनीवर टेकलें असेल तर फावडें हाच लॉक.

चढणीवर चारही चाकें कां फिरत होतीं, याचें कारण टायरांकडे पाहतांच कळलें. नक्षी डांबरी रस्त्याची, तीही झिजलेली, आणि हवा चौरस इंचास ३५ पौंड. गाडी रिकामी होती, म्हणून हवा १८ पौंडांपर्यंत उतरविली. त्याच चढणीवर तिसऱ्या प्रयत्नास गाडी वर गेली. (पहिल्या दोन प्रयत्नांत चालकाचा पाय जड होता; चाक गरगर फिरविल्यानें चिकण माती अधिकच गुळगुळीत होते.) भरलेल्या गाडीची हवा इतकी उतरवूं नये, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हां भरलीच पाहिजे, यासाठीं बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवावा.

लॉकच्या जातींविषयीं थोडक्यांत. हवेच्या दाबानें, विजेनें किंवा तारेनें ओढून लावावयाचे लॉक हवे तेव्हां लावतां व सोडतां येतात. आपोआप लागणारे स्वस्त असतात, पण केव्हां लागतील हें चालकाच्या हातीं नसतें. पुढील आसास ते आम्ही कोणासही सुचविणार नाहीं. लॉक लावतांना गाडी उभी अथवा अगदीं मंद आणि चाकें सरळ असावींत. अडचणीची जागा संपतांच तो सोडावा.

काम सुरू करण्यापूर्वी विमा कंपनीस लेखी कळवावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीच्या दाखल्यांतील वर्णनाशीं विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई करतें. आसाच्या पोटांतील लॉक त्यांत येतो कीं नाहीं, हें आपल्या तालुक्यासाठीं असलेल्या परिवहन कार्यालयांत आधींच विचारून घ्यावें. अपघातानंतर विचारण्याची ही गोष्ट नव्हे.

आमच्या सभासदांनीं शेवटीं चिखलाच्या खोल नक्षीचीं चार टायरें घेतलीं, मागील आसास तारेनें लावावयाचा लॉक बसविण्यास दिला, आणि उरलेल्या पैशांतून ओढ्याच्या चढावर दगडांची पाथर घालविली. पुढील आस त्यांनीं तूर्त आहे तसाच ठेविला. मात्र त्याच्या तेलाचा नट उघडून पाहिला तेव्हां आंतलें तेल दुधासारखें पांढरें झालेलें आढळलें. ओढ्याचें पाणी झिजलेल्या सीलमधून गेले कित्येक महिने आंत शिरत होतें, आणि त्याच तेलांत नवा लॉक बसविण्याचा बेत चालला होता. दोन्ही बाजूंचीं सीलें बदलून नवें तेल भरलें आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर नट पुन्हां उघडून पाहावयाचें ठरलें आहे.