टोटोरोच्या घरी जाण्याआधी

जपानचा बेत पक्का झाला की हल्ली मुलं आई-बाबांच्या आधी यादी करून बसतात. त्या यादीत टोकियोजवळच्या मिताकाचं घिबली म्युझियम, म्हणजे ‘टोटोरो’सारखे ॲनिमेशनपट करणाऱ्या घिबली स्टुडिओचं म्युझियम, असेल तर तुमच्याशी थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे. या जागेसाठी मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त तयारी करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

आधी तिकिटाचं बघू, कारण बरेच बेत तिथेच फसतात. म्युझियमच्या दारात तिकीट मिळत नाही. तारीख आणि वेळ ठरवून ते आधीच काढावं लागतं. दर महिन्याच्या १० तारखेला, जपानच्या घड्याळाप्रमाणे सकाळी १० वाजता, पुढच्या महिन्याची तिकिटं खुली होतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे मे महिन्यात जायचं असेल तर १० एप्रिलला चहाच्या आधी फोन हातात हवा, कारण तिकिटं बघता बघता संपतात. मोठ्यांना १००० येन, ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ४००, ४ ते ६ वर्षांच्यांना १०० आणि त्याहून लहानांना फुकट, असा साधारण दर आहे. जपानच्या मानाने हे काहीच नाही. अडतं ते तारखेपाशी. मंगळवारी म्युझियम सहसा बंद असतं. ज्याच्या नावावर तिकीट काढलं असेल त्याने पासपोर्ट घेऊन सोबत असायला हवं. आणि एक कराच. तिकीट हातात येईपर्यंत मुलांना कबूल करू नका.

आता मुख्य गोष्ट. २००१च्या ऑक्टोबरमध्ये उघडलेलं हे म्युझियम दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी स्वतः कल्पून उभं केलं. तिथे पाहण्याचा ठरलेला मार्ग नाही, बाण नाहीत, आधी हे आणि मग ते असा क्रम नाही. अरुंद गोल जिने आहेत, मुलांच्या उंचीची दारं आहेत, डोकावायला खिडक्या आहेत. मुलांनी भटकावं, चुकावं, स्वतः शोधावं, म्हणूनच ते तसं बांधलंय. आणि आपण काय करतो? मनगटावरचं घड्याळ बघत ‘चल, पुढचं बघू’ म्हणतो. इतक्या लांब येऊन काही सुटायला नको ही आपली काळजी खरी आहे, मला ती कळते. पण आत गेल्यावर किती वेळ थांबायचं यावर तिथे बंधन नाही. मग ते आपण तरी का घालायचं? त्या दिवशी दुसरं काही ठेवूच नका. सकाळी म्युझियम, दुपारी शिबुया आणि संध्याकाळी टॉवर असा कार्यक्रम आखलात, तर मूल थकेल आणि तुम्ही चिडाल.

आत फोटो काढायला मनाई आहे. हे मुलांना, आणि घरच्या ग्रुपवर फोटोंची वाट बघणाऱ्या आजी-आजोबांनाही, आधीच सांगून ठेवा. फोटोची हौस गच्चीवर भागते. तिथे ‘लापुता’ या १९८६च्या चित्रपटातला पाच मीटर उंचीचा यंत्रमानव गवतात उभा आहे.

तळघरातल्या दालनात मात्र मुलांना मनसोक्त थांबू द्या. तिथे एका मोठ्या गोल तबकडीवर टोटोरोच्या कितीतरी छोट्या मूर्ती रांगेने बसवल्या आहेत. प्रत्येकीची ढब शेजारणीपेक्षा किंचित वेगळी. एकीचे पाय टेकलेले, पुढची जरा उचललेली, त्यापुढची हवेत. तबकडी फिरू लागली की आधी सगळं पुसट होतं. मग दिव्याची लुकलुक सुरू होते आणि टोटोरो खरोखर उड्या मारायला लागतो, त्याच चित्रपटातली मांजराच्या रूपातली मांजरबस धावायला लागते. तबकडी थांबली की पुन्हा नुसत्या मूर्ती. ॲनिमेशन म्हणजे काय, हे मुलांना इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते दोनदा, तीनदा, पाच वेळा बघू म्हणतील. बघू द्या. जाण्याआधी घरी जुन्या वहीच्या कोपऱ्यांत उडणारा चेंडू काढून पानं फरफरवायला लावलंत, तर त्या तबकडीसमोर त्यांचे डोळे आणखी चमकतील.

शेजारच्या छोट्या चित्रपटगृहात एक लघुपट दाखवतात. हे लघुपट खास म्युझियमसाठी बनवलेले असतात. दारात हाती पडणारं तिकीट म्हणजे खऱ्या फिल्मचा तुकडा असतो, उजेडासमोर धरला की त्यात चित्रं दिसतात. तो मुलांकडेच राहू दे.

वरच्या मजल्यावर मऊमऊ मांजरबस आहे, पण तिच्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच चढता येतं. धाकटा आत आणि तेरा वर्षांची ताई बाहेर, असं होणार असेल तर ताईला घरीच विश्वासात घ्या. तिच्या वयाला चित्रपट कसा जन्मतो हे दाखवणाऱ्या खोल्या जास्त भावतील. कागद, रंग, पुस्तकं आणि भिंतभर चित्रांनी त्या भरलेल्या आहेत.

चित्रपट कोणता दाखवून न्यावं? लहानांना ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८). त्यात खलनायक नाही, पण आई इस्पितळात आहे, तेव्हा शेजारी बसून बघा. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये चिहिरोचे आई-वडील डुकरं होतात, पाच वर्षांच्या मुलाची त्याने झोप उडू शकते. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ घिबलीचाच असला तरी युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांची ती गोष्ट लहानांसाठी नाही. आणि हो, दूरदर्शनवर तुम्ही जीव लावून पाहिलेला मोगली जपानमध्येच तयार झाला होता, हे मुलांना नक्की सांगा. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन या दिग्दर्शकांनी मिळून रामायणावर केलेला चित्रपटही प्रवासाआधी सगळ्यांनी एकत्र बघण्यासारखा आहे.

खाण्याचं म्हणाल, तर म्युझियमच्या कॅफेत रांग लागते आणि शाकाहारींची अडचण होते. जपानी दुकानातल्या भाताच्या मुटक्यातही मासा निघू शकतो. दशम्या, चटणी, लाडू जवळ ठेवा आणि बाहेरच्या इनोकाशिरा बागेत बसून खा.

तिकीट नाहीच मिळालं, तर मिताकाच्याच चुओ रेल्वेमार्गावर ओगिकुबोजवळ सुगिनामी ॲनिमेशन म्युझियम आहे. तिथे प्रवेश मोफत आहे आणि चित्रातल्या पात्राला स्वतःचा आवाज देऊन बघता येतो. कावासाकीत डोरेमॉनच्या जनकाचं, फुजिको एफ. फुजिओ यांचं म्युझियम आहे; त्याचंही तिकीट आधीच काढावं लागतं. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना टोटोरोपेक्षा डोरेमॉनच जवळचा असतो. तुमच्या मुलाला कुठे जायचंय, ते त्यालाच विचारा आणि मग १० तारखेचा गजर लावा.